हुकूम पोचला नाही तर फौज काय करते?

माझी भाची एनसीसीत आहे आणि यंदा सीडीएसची, म्हणजे लष्करी अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेची, तयारी करते आहे. मागच्या रविवारी घरी आली ती वही घेऊनच. "मामा, डॉक्ट्रिन म्हणजे काय ते नीट सांगा की. व्याख्या पाठ आहे, पण मुलाखतीत कुणी दुसऱ्या बाजूनं विचारलं तर मी अडकणार." वहीत लिहिलं होतं: सैन्यदलांच्या कृतीला दिशा देणारी मूलभूत तत्त्वं, ती अधिकृत असतात, मात्र वापरताना तारतम्य लागतं. व्याख्या बरोबर होती. नाटोची व्याख्याही साधारण अशीच आहे. पण ती वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. म्हणून मी तिला वही मिटायला सांगितली आणि आपल्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा आठवायला लावली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या वाटेला निघतात. तेवढी उंच, जड काठी एका वेळी एकाच माणसानं तोललेली असते. भोवती गर्दी, वाद्यं, 'हर्र बोला हर्र'चा गजर. या गोंगाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तरी धरणारा दमला की पुढचा कधी सरकायचा, काठी कलली की कोणत्या बाजूच्यानं सावरायचं, वळणावर वेग किती ठेवायचा, हे बाराबंदी घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. यात्रेआधी कितीतरी दिवस त्यांचा सराव चाललेला आपण सोलापूरकर पाहतोच. त्या सरावातून एक गोष्ट अंगात मुरते: शेजारचा माणूस आता काय करणार हे मला न विचारता कळतं, आणि मी काय करणार हे त्याला कळतं. लष्करात डॉक्ट्रिनचं पहिलं काम हेच.

लढाईत हुकूम वेळेवर पोचेलच असं कधीच नसतं. वायरलेस बंद पडतो, शत्रू तो जाम करतो, वरिष्ठ जखमी होतो, धुक्यात तुकड्यांची चुकामूक होते. अशा वेळी डाव्या बाजूची तुकडी काय करेल याचा अंदाज उजव्या बाजूच्या मेजरला बांधता आला पाहिजे. दोघं कधी भेटलेले नसतील, एक बिहारचा तर दुसरा केरळचा असेल, तरीही. दोघांनी एकच शिकवण घेतली असेल तरच ते जमतं. 'डॉक्ट्रिन' या शब्दाचं लॅटिन मूळही 'शिकवणं' असंच आहे. वर्तमानपत्रांत कधी 'सिद्धांत' लिहितात, कधी 'धोरण', कधी 'युद्धनीती'. सिद्धांत म्हटलं की भूमितीतलं प्रमेय आठवतं, एकदा सिद्ध झालं की कायमचं खरं. इथे तसं काही नसतं. मला विचाराल तर मराठीत 'शिकवण' हाच शब्द सगळ्यांत जवळचा आहे.

तिनं लगेच विचारलं, "म्हणजे नियमच की?" नाही. आपल्या चादरीच्या मागावर जेकार्ड असतं. नक्षीचे पुठ्ठे छिद्रं पाडून साखळीत ओवलेले असतात. भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. मागाला विचार करावा लागत नाही, म्हणूनच दर वेळी तोच मोर आणि तेच फूल उमटतं. फौजेतही अशा गोष्टी आहेत. बंदूक खोलून साफ करणं, सुरुंग शोधणं, पहारा बदलणं यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, आणि त्या तशाच पाळायच्या असतात. डॉक्ट्रिन या पुठ्ठ्यांसारखं नसतं. ते मागावर आयुष्य घालवलेल्या विणकरानं पोराला दिलेल्या समजेसारखं असतं. सूत ओलं असेल तर काय, धागा सारखा तुटत असेल तर आधी कुठं बघायचं, असं. पोरानं तिथं डोकं चालवणं अपेक्षितच असतं.

आता सगळ्यांत जास्त गोंधळ होतो ती जागा: धोरण, रणनीती, डॉक्ट्रिन आणि डावपेच यांतला फरक. याला कारगिलइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. १९९९च्या मे महिन्यात घुसखोर शिखरांवर बसल्याचं कळलं. त्यांना हुसकायचं, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हा निर्णय सरकारचा. ते धोरण. आधी कोणती शिखरं घ्यायची, तोफा आणि फौज कुठून आणायची, श्रीनगर-लेह रस्त्यावरचा धोका आधी कसा दूर करायचा, ही आखणी म्हणजे रणनीती. उंचावर पक्क्या बसलेल्या शत्रूवर पायदळानं शक्यतो रात्री चढायचं, चढण्याआधी आणि चढताना तोफखान्यानं वरचा शत्रू दाबून धरायचा, ही आधीपासून शिकलेली रीत म्हणजे डॉक्ट्रिन. आणि टायगर हिलवर प्रत्यक्ष कुठल्या कड्यानं दोर लावून जायचं, हा तिथल्या अधिकाऱ्यांचा डावपेच.

कारगिलनंच दुसरी गोष्टही शिकवली. हवाई दलानं २६ मेपासून हल्ले सुरू केले. २७ तारखेला एक मिग-२१ आणि एक मिग-२७ गमावलं, २८ला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर. इतक्या उंच, अरुंद दऱ्याखोऱ्यांत, खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात जाऊन हल्ला करायची रीत तिथं चालणार नव्हती. हवाई दलानं ती काही दिवसांत बदलली. विमानं त्या टप्प्याच्या वर राहू लागली आणि मिराज-२००० विमानांनी लेझरनं दिशा दिलेले बॉम्ब टाकले. शिकवण पक्की हवी आणि ती लवकर बदलताही आली पाहिजे. हे दोन्ही एकाच वेळी साधणं ही या विषयातली खरी अवघड गोष्ट आहे.

भाचीला वाटत होतं की हा सगळा पाश्चात्त्य फौजांचा विचार. म्हणून मी तिला मंगळवेढ्याच्या रस्त्यावर नेलं, म्हणजे बोलण्यात. भीमेच्या काठी माचणूर आणि ब्रह्मपुरी आहेत. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी तिथं होती, म्हणजे हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या सत्तेची राजधानीच काही वर्षं आपल्या जिल्ह्यात तंबूंत राहत होती. माचणूरचा किल्ला त्याचीच खूण. त्याच्या समोर कोण होतं? १६८९मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली होती. राजाराम महाराज दूर जिंजीला होते. फौज एका छत्राखाली नव्हती, खजिना नव्हता, रोज हुकूम पाठवायची सोय नव्हती. लष्करी पुस्तकांच्या हिशेबानं असं सैन्य वर्ष-दोन वर्षांत विरघळायला हवं होतं. ते औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, १७०७पर्यंत, लढत राहिलं.

याचं श्रेय आपण शौर्याला देतो, आणि ते द्यायलाच हवं. पण शौर्य विखुरलेलं असतं, त्याला एका दिशेनं ओढणारं काहीतरी लागतं. ते होतं गनिमी काव्याचं सर्वांच्या अंगात मुरलेलं शिक्षण. मोठ्या फौजेला समोरासमोर भिडायचं नाही, रसद तोडायची, तळ आणि फौज यांच्यामध्ये शिरायचं, शत्रू दमला की झडप घालायची, अंगावर आला की पांगायचं आणि ठरल्या जागी पुन्हा जमायचं. शिवाजी महाराजांच्या काळापासून दोन पिढ्या हे शिकत आल्या होत्या. त्यामुळे संताजी घोरपडे एकीकडे आणि धनाजी जाधव दुसरीकडे असले तरी, आणि त्यांचं आपसात बिनसलं तरीही, रीत एकच राहिली.

१६९५च्या अखेरीस, बादशहा ब्रह्मपुरीला असताना, संताजींनी आजच्या कर्नाटकातल्या दोड्डेरीजवळ कासिमखानाच्या फौजेला गाठलं. त्यांनी आपल्या सैन्याचे तीन भाग केले. एकानं पुढे गेलेला तळ लुटायचा, दुसऱ्यानं येणाऱ्या फौजेला सामोरं जायचं, तिसरा राखीव. तळ वाचवायला मोगली सरदार धावले आणि मूळ फौजेपासून तुटले. शेवटी सगळे दोड्डेरीच्या छोट्या गढीत कोंडले गेले, अन्नपाण्यावाचून. कासिमखान तिथंच मेला, बाकीच्यांनी खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. आज कुठल्याही लष्करी महाविद्यालयात हा धडा शिकवता येईल: शत्रूची ताकद मोजत बसू नका, त्याला ज्याची काळजी आहे तिथं धक्का द्या, तो आपणहून चूक करेल.

ही रीत तेव्हा कागदावर नव्हती. राज्यकारभाराच्या आणि संरक्षणाच्या मुरलेल्या शिकवणीचा मोठा भाग पुढे साधारण १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात लिहिला गेला. 'संपूर्ण राज्याचें सार तें दुर्ग' हे त्यातलं वाक्य शाळेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्याच्या पुढे गड कसा बांधावा, पाणी कसं राखावं, गडाजवळच दुसरा उंच डोंगर असेल तर काय करावं, आरमार कसं असावं, हे बारकाईनं येतं. इतक्या लढाया लढलेल्या आणि इतके प्रसंग पाहिलेल्या माणसानं पुढच्या पिढीसाठी ही शिकवण मांडून ठेवली. मला तरी मराठीतलं पहिलं डॉक्ट्रिन हेच वाटतं.

आणि मग पानिपत. त्याच्या आदल्या वर्षी, १७६०च्या सुरुवातीला, आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळानं मोठं काम केलं. भाऊंचा त्या नव्या पद्धतीवर विश्वास बसला, आणि त्यात चूक काही नव्हती. ती पद्धत पुढच्या शतकाची होती. पण तिला शिस्त लागते: तोफा, पायदळ आणि घोडदळ यांनी एकमेकांना न सोडता गोल बांधून सरकायचं. मल्हारराव होळकरांसारखे जुने सरदार गनिमी काव्यात वाढलेले. १४ जानेवारी १७६१ला एकाच रणांगणावर, एकाच झेंड्याखाली, लढण्याच्या दोन वेगळ्या शिकवणी उभ्या होत्या. घोडदळाच्या काही पथकांनी आवेगात पुढे घोडी घातली आणि गारद्यांच्या तोफांना आपलीच माणसं आड आली. पानिपतची कारणं अनेक आहेत, उपासमार, थंडी, मित्रांचा अभाव. त्यातलं हे एक कारण मला नेहमी फार बोचतं, कारण दोन्हीपैकी कोणतीही एक रीत सगळ्यांनी मिळून पाळली असती तर दिवस वेगळा गेला असता असं मला मनापासून वाटतं.

नवं तंत्र विकत घेता येतं, पण ते वापरण्याची शिकवण मुरायला वर्षं लागतात. हेच १९४०मध्ये फ्रान्सला भोवलं. त्यांच्याकडे रणगाडे जर्मनीपेक्षा कमी नव्हते. पण ते बरेचसे पायदळाला वाटून दिलेले, त्यांच्यात रेडिओ थोडे, आणि सगळी लढाई वरून टप्प्याटप्प्यानं चालवायची अशी शिकवण. सरसेनापतीच्या व्हँसेनच्या मुख्यालयात रेडिओच नव्हता. जर्मन अधिकाऱ्याला 'काय साधायचं' ते सांगितलं जायचं आणि 'कसं' ते त्याच्यावर सोडलं जायचं. सहा आठवड्यांत फ्रान्सनं शस्त्रं ठेवली. मात्र ही जर्मन फौज एका खुनी राजवटीसाठी लढत होती हे विसरून तिच्या पद्धतीचं कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो. डॉक्ट्रिन 'कसं लढायचं' ते सांगतं. 'कशासाठी' हे सांगणं त्याच्या हातात नाही.

हरलेल्यांपेक्षा जिंकलेल्यांना डॉक्ट्रिन जास्त फसवतं, हे भाचीला आधी पटेना. १९६७मध्ये इस्रायलनं रणगाडे आणि विमानांच्या जोरावर सहा दिवसांत युद्ध जिंकलं. त्यावरून धडा काढला गेला की रणगाडे वेगानं घुसले की पुरे, पायदळ आणि तोफखाना मागून येतील. ६ ऑक्टोबर १९७३ला इजिप्तनं सुएझ कालवा ओलांडला. दोन दिवसांनी इस्रायली रणगाडे जवळजवळ एकटेच प्रतिहल्ल्याला गेले. समोर इजिप्तचं पायदळ रणगाडे फोडणारी सॅगर क्षेपणास्त्रं घेऊन वाळूत दबा धरून बसलं होतं. रणगाडे जळाले. पुढच्या आठवड्याभरात इस्रायलनं पायदळ, तोफा आणि रणगाडे पुन्हा एकत्र बांधले आणि मग कालव्यापलीकडे धडक मारली. इजिप्तनं त्या जुन्या विजयाचा अभ्यास इस्रायलपेक्षा नीट केला होता.

आपल्याकडे डॉक्ट्रिन का बदलतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण ऑपरेशन पराक्रमचं. १३ डिसेंबर २००१ला संसदेवर हल्ला झाला. फौजेला सीमेवर जायचा आदेश मिळाला. आपल्या धडक मारणाऱ्या तिन्ही कोर, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या फौजा, तेव्हा मथुरा, अंबाला आणि भोपाळला होत्या, म्हणजे सीमेपासून दूर. रणगाडे, तोफा, दारूगोळा आणि हजारो माणसं रेल्वेनं हलवून पूर्ण सज्ज व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. तेवढ्यात जगभरातून दबाव आला, पाकिस्तान सावध झाला, जानेवारीत मुशर्रफ यांचं भाषण झालं, आणि कारवाईची वेळ हातातून गेली. फौज दहा महिने सीमेवर उभी राहिली.

दोष सैनिकांचा नव्हता. सगळी मांडणीच 'आधी बचाव, मग दूरवरून आणलेल्या मोठ्या कोरांनी खोल मुसंडी' या विचारावर उभी होती. त्यातून २००४मध्ये जो विचार पुढे आला त्याला लोक 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात: सीमेजवळच लहान, पण पायदळ, रणगाडे, तोफा असं सारं सोबत असलेले गट ठेवायचे, आदेश मिळताच काही दिवसांत मर्यादित भाग घ्यायचा, आणि युद्ध अण्वस्त्रांपर्यंत जाईल इतकं खोल शिरायचं नाही. अनेक वर्षं अधिकृतपणे हे नाव कुणी घेत नव्हतं. २०१७मध्ये लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी उघडपणे त्याचा उल्लेख केला. डॉक्ट्रिनचा हाही एक उपयोग आहे. त्यातला काही भाग शत्रूनं वाचावा म्हणूनच असतो. ४ जानेवारी २००३ला जाहीर झालेलं आपलं अण्वस्त्रविषयक डॉक्ट्रिन तर मुख्यतः दुसऱ्यांनी वाचण्यासाठीच आहे: प्रथम वापर नाही, पण आपल्यावर वापर झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. नाव डॉक्ट्रिन असलं तरी ते ठरवलेलं सरकारनं आहे, म्हणून वरच्या फरकानुसार ते धोरणाच्या जवळ जातं. मुलाखतीत एवढं सांगितलंस तरी समोरचे मान हलवतील, असं मी तिला म्हटलं.

आता सोलापूरकरानं सांगायलाच हवी अशी एक बाजू. चार हुतात्मा पुतळ्यांवरून आपण रोज जातो. मे १९३०मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला. गांधी टोपीसुद्धा गुन्हा ठरली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. सैन्य शहरात आलं की काय होतं हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलं आहे. म्हणून सैन्याच्या शिकवणीत 'बळ किती वापरायचं नाही' हे लिहिलेलं असणं मला शस्त्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं. स्वतंत्र भारताच्या लष्करात नागरी प्रशासनाच्या मदतीला जाताना कमीत कमी बळाचं तत्त्व शिकवलं जातं. २००६मध्ये दहशतवाद आणि बंडखोरीविरुद्धच्या कारवायांसाठी लष्करानं वेगळं डॉक्ट्रिन काढलं, त्यातही सामान्य माणसाला आपल्या बाजूनं ठेवण्यावर भर आहे. असं लिहिलं म्हणून प्रत्येक वेळी तसंच वागलं जातं असा दावा मी करणार नाही. पण लिहिलेलं असेल तर त्यावर बोट ठेवून जाब विचारता येतो.

हे लिहितं कोण? भूदलात ही जबाबदारी मुख्यतः आर्मी ट्रेनिंग कमांडची. ती १९९१मध्ये महूला सुरू झाली आणि १९९३पासून सिमल्यात आहे. लिहिलेलं मग देवळालीच्या तोफखाना शाळेत, अहिल्यानगरच्या रणगाडा केंद्रात, गुलमर्गच्या बर्फात, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकवलं जातं. भूदल, नौदल, हवाई दल यांची आपापली डॉक्ट्रिन आहेत, आणि तिन्ही दलांचं मिळून एक संयुक्त डॉक्ट्रिन २०१७मध्ये जाहीर झालं. तिघांनी एका शिकवणीत येणं हे काम अजून चाललंय, आणि पानिपतची गोष्ट आठवली की ते लवकर व्हावं असं वाटतं. भूदलाचं २०१८चं डॉक्ट्रिन अगदी थोड्या पानांचं आहे. तिला मी आधी तेच वाचायला सांगितलं.

निघताना दारात चप्पल घालता घालता तिनं खरा प्रश्न विचारला. "मामा, समजा मी तिथं आहे, आणि शिकवलेलं चुकतंय हे मला समोर दिसतंय. मग?" व्याख्येतलं 'तारतम्य' ते हेच, असं मी म्हणालो. हुकूम एक असतो, शिकवण दुसरी. वरिष्ठांनी काय साधायचं सांगितलंय ते धरून ठेवायचं, आणि रीत समोरच्या परिस्थितीला बसत नसेल तर ती कारण सांगता येईल अशा तऱ्हेनं बदलायची, शेजारच्या तुकडीला कळवून. आणि कारवाई संपली की अहवालात खरं लिहायचं: काय शिकवलं होतं, काय घडलं, मी काय केलं, कुणाचा जीव कशानं गेला. आपलंच चुकलं असेल तर तेही. १९६२च्या चीनशी झालेल्या युद्धानंतर आपण डोंगराळ मुलखासाठी वेगळ्या माउंटन डिव्हिजन उभ्या केल्या, त्यामागे बर्फातून परत आलेल्या लोकांनी सांगितलेलं होतं. तुझा अहवाल सिमल्याला जाईल, तिथं कुणीतरी तो दुसऱ्या शंभर अहवालांशेजारी ठेवून वाचेल, आणि पुढच्या आवृत्तीतली एखादी ओळ बदलेल.

तिनं वही पुन्हा उघडली आणि व्याख्येखाली दारातच उभ्या उभ्या लिहिलं: अहवालात खरं लिहिणे.